फुटबॉलपटू ‘विकला’ जातो, म्हणजे नेमकं काय विकलं जातं?

२०१२च्या ऑगस्टमध्ये रियल माद्रिदने लुका मॉड्रिच या क्रोएशियन मिडफिल्डरसाठी (मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा खेळाडू) लंडनच्या टॉटनहॅम क्लबला सुमारे ३ कोटी पौंड मोजले. २०२५च्या उन्हाळ्यात तोच मॉड्रिच माद्रिद सोडून इटलीतल्या एसी मिलानकडे गेला, तेव्हा मिलानने माद्रिदला एक छदामही दिला नाही. मधल्या १३ वर्षांत माद्रिदने त्याच्यासोबत २८ करंडक जिंकले, त्यातले सहा चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे. २०१८मध्ये बॅलन डी’ऑर हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. मग किंमत शून्यावर आली कशी?

मॉड्रिच तेव्हा ३९ वर्षांचा होता, म्हणून वयाकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण खरं कारण वय नाही, करारावरची शेवटची तारीख आहे. परदेशात खेळणाऱ्या फुटबॉलपटूची सगळी कारकीर्द या तारखेभोवती फिरते. ती समजली की दर उन्हाळ्यात वाचायला मिळणारी ‘अमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला’ ही बातमीही समजते.

आयपीएलचा लिलाव आधी बाजूला ठेवा

आपल्या डोक्यात खेळाडूची बोली म्हणजे आयपीएल. तिथे लिलावात पुकारलेली रक्कम हे त्या खेळाडूचं हंगामाचं मानधन असतं, म्हणजे पैसा खेळाडूकडे जातो. फुटबॉलमध्ये बरोबर उलट आहे. मॉड्रिचसाठीचे ३ कोटी पौंड टॉटनहॅमच्या खात्यात गेले. त्याचा माद्रिदमधला पगार ही वेगळी बोलणी, वेगळा करार.

मग टॉटनहॅमने विकलं काय? माणूस तर विकता येत नाही. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असताना नवी कंपनी ‘लगेच या’ म्हणते आणि उरलेल्या दिवसांचे पैसे जुन्या कंपनीला भरून माणूस मोकळा करून घेते. फुटबॉलमध्येही हेच घडतं. फरक इतकाच की इथे तीन महिन्यांऐवजी तीन-चार वर्षं शिल्लक असतात आणि रक्कम ठरवायला कुठलंही कोष्टक नसतं. ही भरपाई म्हणजे ट्रान्सफर फी. जुना क्लब आपला करारावरचा हक्क सोडतो, त्याचे ते पैसे.

करार आणि दाखला

परदेशी जाणाऱ्या खेळाडूला दोन कागद लागतात. पहिला नव्या क्लबशी नोकरीचा करार. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमानुसार तो जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो (देशाच्या कायद्यात परवानगी असेल तर जास्त), आणि खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर तीन वर्षांचा.

दुसरा कागद म्हणजे आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र. शाळा बदलताना लागणाऱ्या ‘शाळा सोडल्याच्या दाखल्या’चा हा भाऊ. जुन्या देशाची फुटबॉल संघटना तो नव्या देशाच्या संघटनेला पाठवते. दाखला आला नाही, तर करारावर सही झालेली असो, खेळाडू पगार घेत असो, मैदानात उतरता येत नाही. क्रिकेटमध्ये राज्य बदलताना लागणारं ना हरकत प्रमाणपत्र याच जातीचं. यशस्वी जैस्वालने २०२५मध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे ते मागितलं होतं आणि नंतर विनंती मागे घेतली होती.

लोनवर पाठवणं या दोन कागदांवरूनच कळतं. मूळ क्लबशी करार कायम राहतो, नोंदणी तेवढी ठरावीक काळासाठी दुसरीकडे जाते. सरकारी नोकरीतली प्रतिनियुक्तीच म्हणा. क्रोएशियातल्या दिनामो झाग्रेब क्लबने १८ वर्षांच्या मॉड्रिचला २००३-०४च्या हंगामासाठी शेजारच्या बॉस्नियात, मोस्तारच्या झ्रिन्यस्की क्लबला असंच पाठवलं होतं. चणीने लहान म्हणून मोठ्या क्लबने आधी नाकारलेला हा मुलगा तिथल्या दांडगाईच्या लीगमध्ये टिकला, मग आणखी एक हंगाम इंटर झाप्रेशिचकडे काढून दिनामोत परतला. मिडफिल्डरला राखीव बाकावर बसून काही शिकता येत नाही. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे कोण उभं आहे हे बघण्याची सवय सामन्यांतूनच लागते, म्हणून या जागेवरच्या तरुणांना लोनचा सर्वाधिक उपयोग होतो असं मला वाटतं.

उरलेली वर्षं म्हणजे ताकद

२००८मध्ये टॉटनहॅमने मॉड्रिचला १ कोटी ६५ लाख पौंड देऊन घेतलं. २०१०मध्ये त्याने तिथे नवा सहा वर्षांचा करार केला, म्हणजे २०१६पर्यंत. त्या वेळी ही आनंदाची बातमी होती. वर्षभराने लंडनच्याच चेल्सी क्लबने त्याच्यासाठी मागणी घातली, नाकारली गेल्यावर रक्कम वाढवत नेली. मॉड्रिचला जायचं होतं, तसं त्याने जाहीरही केलं. टॉटनहॅमने ठाम नकार दिला. करारात पाच वर्षं शिल्लक असल्यामुळे त्यांना घाई नव्हती. खेळाडू रुसला तरी कागद त्यांच्या बाजूने होता. त्याला आणखी एक हंगाम तिथेच खेळावं लागलं, आणि पुढच्या वर्षी टॉटनहॅमने त्याला लंडनमधल्या प्रतिस्पर्ध्याऐवजी स्पेनला जाऊ दिलं.

आता काटा उलटा फिरवा. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढच्या काळाचा करार उघडपणे करू शकतो. म्हणून शेवटच्या वर्षात शिरलेल्या खेळाडूची फी झपाट्याने घसरते. ‘आत्ता निम्म्यात द्या, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात फुकट जाईल’ असं खरेदीदार सुनावू शकतो. वरच्या दर्जाचे क्लब करारात दोन वर्षं उरली की नव्या कराराची बोलणी सुरू करतात, ती यासाठीच.

तिशी उलटलेल्यांचं गणित वेगळं. मॉड्रिचने २०२१पासून दरवर्षी एकेक वर्षाची मुदतवाढ घेतली. क्लबला एका दुखापतीपायी तीन वर्षांचा पगार अडकवायचा नव्हता आणि तो दरवर्षी स्वतःला सिद्ध करायला तयार होता. अशा करारात फी शून्य असणं ही जवळजवळ ठरलेली गोष्ट.

‘फुकटात’ जाण्याचा हक्क एका मिडफिल्डरने मिळवला

करार संपला की माणूस मोकळा, हे आज इतकं साधं वाटतं की तसं नव्हतं यावर विश्वास बसत नाही. जाँ-मार्क बोस्मन हा बेल्जियमच्या लिएज क्लबचा मिडफिल्डर. १९९०मध्ये त्याचा करार संपला. क्लबने पगारात मोठी कपात करून नवा करार पुढे केला. त्याने नाकारला, फ्रान्सच्या दंकर्क क्लबकडे जायचं ठरवलं. करार संपलेला असूनही लिएजने फी मागितली, व्यवहार फिसकटला, आणि तो कुठलाच राहिला नाही.

बोस्मन कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाताना फी मागता येणार नाही, आणि संघातल्या देशांच्या नागरिकांवर ‘इतकेच परदेशी’ अशी मर्यादाही घालता येणार नाही. आजचे युरोपीय क्लब दहा-बारा देशांचे खेळाडू घेऊन उतरतात त्यामागे हा निकाल आहे. बोस्मनला स्वतःला त्याचा फारसा फायदा झाला नाही. खटला लढता लढताच खेळायची वर्षं निघून गेली.

करार मध्येच मोडला तर?

इथेही गाजलेला खटला मिडफिल्डरचाच आहे. फ्रान्सचा लासाना दियारा मॉस्कोच्या लोकोमोटिव क्लबकडे होता. २०१४मध्ये क्लबशी बिनसलं, करार तुटला, आणि फिफाने दियारालाच १ कोटी ५ लाख युरो भरपाई द्यायला सांगितलं. बेल्जियमच्या शार्लेरुआ क्लबला तो हवा होता. पण तेव्हाच्या नियमानुसार विनाकारण करार मोडलेल्या खेळाडूला घेणारा नवा क्लबही भरपाईला जबाबदार धरला जाई, आणि वाद चालू असेपर्यंत जुनी संघटना दाखला अडवू शकत असे. शार्लेरुआने हमी मागितली, ती मिळाली नाही, आणि व्यवहार बारगळला.

४ ऑक्टोबर २०२४ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हे नियम कामगाराच्या मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या कायद्याला धरून नाहीत. फिफाने त्यानंतर तात्पुरते नियम आणले. आता वादाचं कारण देऊन दाखला रोखता येत नाही, आणि नव्या क्लबने फूस लावल्याचं सिद्ध झालं तरच त्याच्यावर जबाबदारी येते.

‘मग उद्या कुणीही उठून करार मोडेल’ ही शंका स्वाभाविक आहे, पण तसं होणार नाही. विनाकारण करार मोडणाऱ्याला भरपाई आजही द्यावी लागते. शिवाय सुरुवातीची काही वर्षं ‘संरक्षित काळ’ असतो: २८व्या वाढदिवसाआधी केलेल्या करारात तीन वर्षं, नंतरच्यात दोन. भाड्याच्या घराच्या करारातला लॉक-इन आठवा. या काळात मोडलं तर पैशांबरोबर सामनेबंदीही येते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि छोट्या देशांत खेळायला जाणाऱ्यांनी ती तोंडपाठ करावी. क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवले, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत, तर योग्य कारणाने करार संपवता येतो. चूक होते ती नोटिशीत. तोंडी तगादा लावून खेळाडू निघून जातो, आणि मग तोच करार मोडणारा ठरतो.

१४ सेकंदांची किंमत

बदलीचा शेवटचा दिवस कसा असतो? सकाळी वैद्यकीय तपासणी: हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी, गुडघे-घोट्यांचं एमआरआय, रक्त, जुन्या दुखापतींची फाइल. मिडफिल्डर एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावतो, त्यामुळे गुडघ्याच्या कूर्चेवर डॉक्टर बराच वेळ घालवतात. दुसरीकडे वकील हप्ते ठरवत असतात, कारण मोठी फी एकरकमी क्वचितच दिली जाते.

मग फिफाची संगणकीय प्रणाली. २०१०पासून व्यावसायिक खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदल्यांना ती सक्तीची आहे. विकणारा आणि घेणारा असे दोन्ही क्लब आपापली माहिती स्वतंत्रपणे भरतात: फी, हप्त्यांच्या तारखा, कराराची मुदत. सोबत सह्या केलेले करार, ओळखपत्र, आणि खेळाडूच्या हक्कांत तिसऱ्या कुणाचा वाटा नसल्याचं निवेदन. दोन्ही बाजूंचे आकडे तंतोतंत जुळले नाहीत की घोडं तिथेच पेंड खातं.

२०१७मध्ये पोर्तुगालचा मिडफिल्डर आद्रियन सिल्वा लिस्बनच्या स्पोर्टिंगकडून इंग्लंडच्या लेस्टर सिटीकडे निघाला. ३१ ऑगस्टच्या रात्री कागद प्रणालीत पोचले ते मुदत टळल्यावर १४ सेकंदांनी. फिफाने नोंदणी नाकारली. वर्षभरापूर्वी युरो ही युरोपीय देशांची स्पर्धा जिंकलेला हा खेळाडू चार महिने नुसता सराव करत राहिला. जानेवारीत खिडकी उघडल्यावरच त्याला लेस्टरकडून खेळता आलं. (‘खिडकी’ म्हणजे नोंदणीसाठी वर्षातून दोनदा खुला असणारा ठरावीक काळ.) त्याने लेस्टरमध्ये १४ क्रमांकाचा शर्ट घातला.

फीमधला वाटा कुणाकुणाचा?

सगळे पैसे शेवटच्या क्लबला मिळतात हा आणखी एक गैरसमज. अर्जेंटिनाचा मिडफिल्डर एन्झो फर्नांडेस २०२२मध्ये ब्युनोस आयरेसच्या रिव्हर प्लेटकडून पोर्तुगालच्या बेनफिकाला गेला, तेव्हा रिव्हरने पुढच्या विक्रीतला २५ टक्के हिस्सा राखून ठेवला. सहा-सात महिन्यांत चेल्सीने त्याच्यासाठी सुमारे १२ कोटी १० लाख युरो देऊ केले, आणि ब्युनोस आयरेसच्या क्लबची चांदी झाली. चेल्सीने त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला होता, कारण हिशेबाच्या वहीत फी कराराच्या वर्षांत विभागता येते. वर्षं जास्त तर दरवर्षीचा बोजा कमी. मग युरोपीय फुटबॉल महासंघाने ही विभागणी पाच वर्षांपुरतीच धरण्याचा नियम केला.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘एकजूट निधी’. करार चालू असताना खेळाडू फीच्या मोबदल्यात एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की फीचे ५ टक्के वेगळे काढायचे आणि १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला फीच्या ०.२५ टक्के, १६ ते २३मधल्या प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. कारकिर्दीत जितक्या वेळा अशी बदली, तितक्या वेळा वाटा. मॉड्रिच युद्धात घर सुटलेल्या कुटुंबातला, झादार शहरात निर्वासितांच्या हॉटेलात वाढलेला आणि तिथल्याच क्लबात घडलेला मुलगा. अशा गावच्या क्लबांना हा निधी पुढची तुकडी उभी करायला बळ देतो. मात्र ‘फुकट’ बदलीत पाच टक्केही शून्याचेच.

पैशांची वाट अशी लांब असल्यामुळे गळतीही होते. दिनामोच्या खेळाडूंच्या बदल्यांतल्या पैशांवरून क्रोएशियात फौजदारी खटला उभा राहिला, आणि २०१८मध्ये क्लबच्या माजी सूत्रधाराला शिक्षा झाली. आता हा निधी बऱ्याच अंशी फिफाच्या पॅरिसमधल्या स्वतंत्र संस्थेमार्फत वाटला जातो.

मग आपली मुलं का जात नाहीत?

‘गुणवत्ता नाही’ हे उत्तर आळशीपणाचं आहे. वाटेत तीन कुंपणं आहेत. पहिलं वयाचं: १८ पूर्ण होईपर्यंत आंतरराष्ट्रीय बदली सहसा होत नाही. मुलांची परवड थांबावी म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण युरोपीय संघाच्या आत १६व्या वर्षी जाता येतं, म्हणजे तिथल्या मुलाला दोन वर्षं आधी दार उघडतं.

दुसरं कुंपण परवान्याचं. २००९मध्ये सुनील छेत्रीचा लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता, पण भारताचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या ७०मध्ये नव्हता म्हणून त्याला इंग्लंडने काम करायचा परवाना नाकारला. आज तिथे गुणांची पद्धत आहे, तरी राष्ट्रीय संघाच्या क्रमवारीला त्यात मोठं वजन आहे. २००८चा मॉड्रिचही युरोपीय संघाबाहेरच्या देशाचा होता, क्रोएशिया युरोपीय संघात आला तो २०१३मध्ये. पण त्याचा राष्ट्रीय संघ जगातल्या आघाडीच्या संघांत होता.

तिसरं कुंपण पासपोर्टचं, आणि ते गोव्यात सर्वांत जास्त टोचतं. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. ती केली की युरोपचं दार सताड उघडं. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि भारतीय संघात भारतीय पासपोर्टवाल्यालाच जागा आहे. एक हातात घेतला की दुसरा सुटतो. हाच पेच उलट्या दिशेने इझुमी अराताने सोडवला. जपानमध्ये जन्मलेला हा मिडफिल्डर मुंबईच्या महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसीकडून खेळला, आणि भारताकडून खेळण्यासाठी त्याने जपानी नागरिकत्व सोडलं.

तरी वाटा आहेत. गोव्यातल्या असोळणेचा रोमिओ फर्नांडिस २०१५मध्ये धेंपो क्लबकडून लोनवर ब्राझीलच्या अॅटलेटिको परानाएन्सेकडे गेला आणि तिथे खेळला.

कोल्हापूरच्या तालमींनी आज काय करावं

शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या तालमींच्या फुटबॉल संघांकडे, पुण्या-मुंबईच्या आणि गोव्याच्या छोट्या क्लबांकडे १२-१३ वर्षांची मुलं असतात. त्यांना बूट देणारी, सकाळी सहाला मैदानावर बोलावणारी माणसं असतात. नसते ती बहुतेकदा नोंदणी. एकजूट निधी मिळतो तो संघटनेकडच्या नोंदीवर, आठवणींवर नाही. खेळाडूच्या ‘पासपोर्ट’मध्ये, म्हणजे १२व्या वर्षापासून तो कुठल्या हंगामात कुठल्या क्लबकडे होता या तक्त्यात, क्लबचं नाव नसेल तर वाटा नाही.

म्हणून मुलगा १२चा झाला की जन्मदाखल्यासह अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय प्रणालीत त्याची नोंद करायची आणि दर हंगामाला ती ताजी ठेवायची. नाव आणि जन्मतारीख आधार, शाळा आणि पासपोर्टवर अक्षरशः एकसारखी हवी. मुलगा दुसरीकडे गेला तर सुटल्याची तारीख लिहून ठेवायची. त्याने १२ ते १५ ही चार वर्षं तालमीत काढली आणि पुढे कधी त्याची परदेशात १० लाख युरोंना बदली झाली, तर तालमीचा वाटा १ टक्का, म्हणजे १० हजार युरो होतो.